एसीचा बिघाड सेन्सरमध्ये, उपचार मात्र गॅसवर

पुणे, प्रतिनिधी

मार्च महिना अर्धा सरला की शहरोशहरी गॅरेजांपुढे ‘एसी गॅस फिलिंग’च्या पाट्या बाहेर येतात आणि त्यांच्यासमोर मोटारींची रांग लागते. गाडीतून थंड हवा येईनाशी झाली की मालकाने ‘गॅस संपला असेल’ असे म्हणायचे, मेकॅनिकने मान डोलवायची, जुना गॅस हवेत सोडायचा, नवा भरायचा आणि ठरलेली रक्कम घ्यायची, असा हा परिपाठ वर्षानुवर्षे चालत आला आहे. आठवडाभराने तीच गाडी त्याच तक्रारीसह परत येते, तेव्हा मात्र दोघांचीही पंचाईत होते. मग कॉम्प्रेसरवर संशय घेतला जातो, त्यानंतर कूलिंग कॉइलवर, आणि बिलाचा आकडा पाच अंकांकडे सरकू लागतो.

वास्तविक एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तो अखंड फिरत असतो. रबरी नळ्या, सांधे आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील यांतून तो हळूहळू झिरपतो किंवा रस्त्यावरची खडी लागून कंडेन्सरला भोक पडले तर निघून जातो. गॅस कमी होणे हा नेहमीचा बिघाड आहे, यात वाद नाही. पण थंड हवा न येण्यामागे तेवढे एकच कारण असण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. आजच्या मोटारीत कॉम्प्रेसर चालू करायचा की नाही, हा निर्णय बटण दाबणारा माणूस घेत नाही. तो केवळ विनंती करतो. निर्णय घेतो संगणक, आणि तो घेतो पाच-सहा सेन्सरनी दिलेल्या माहितीच्या आधारे. त्यातल्या एकाने चुकीची माहिती दिली, तर गॅस पुरेपूर, कॉम्प्रेसर धडधाकट आणि पंखा जोरात असूनही गाडीत घाम फुटतो.

तेव्हा प्रश्न निव्वळ तंत्राचा राहत नाही. गाडीतल्या संगणकाला काय दिसते आहे, हे पाहण्याची साधने कोणाकडे आहेत आणि कोणाकडे नाहीत, यावर दुरुस्तीचा खर्च ठरतो. कायद्याने एक खिडकी उघडली आहे खरी, पण ती एसीच्या बाजूला नाही.

उणे ४० अंशांची गाडी

मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांवर असताना एखाद्या मोटारीची पक्की समजूत असते की बाहेर उणे ४० अंशांची थंडी आहे. हा विनोद नव्हे. बाहेरचे तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. तो म्हणजे एक साधा थर्मिस्टर, तापमान वाढले की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा चिमुकला तुकडा. त्याची वायर तुटली वा जोडणी निघाली, तर संगणकाला रोध अमर्याद वाटतो आणि अमर्याद रोधाचा अर्थ त्याच्या कोष्टकात ‘कडाक्याची थंडी’ असा लिहिलेला असतो. उणे ४० हा आकडा स्कॅनरवर वारंवार दिसतो तो यामुळेच. (योगायोग असा की सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापांत हा एकच आकडा एकाच तापमानाचा असतो.) एवढ्या थंडीत कॉम्प्रेसर चालवणे धोक्याचे, म्हणून काही गाड्यांचा संगणक तो चालूच होऊ देत नाही. काही गाड्यांत अशा वेळी ठरावीक तापमान गृहीत धरून काम चालवले जाते आणि बिघाड झाल्याचे मालकाला कळतही नाही.

या सेन्सरचा बळी जातो तो बहुधा किरकोळ धडकेत. पार्किंगमध्ये बंपर ठेचला, रंगकाम झाले, बंपर परत बसला, जोडणी मात्र लोंबकळत राहिली. रंगकाम करणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि एसीवाल्याला बंपरची हकीकत कोणी सांगितलेली नसते. म्हणूनच ‘एसी केव्हापासून बंद आहे’ या प्रश्नापेक्षा ‘त्याआधी गाडीचे काय काम झाले’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

याची तपासणी अवघ्या पाच मिनिटांची आहे. स्कॅनरवर सेन्सरचे तापमान पाहत त्याची जोडणी काढावी. आकडा उणे ४०च्या आसपास गेला पाहिजे. मग जोडणीतली दोन टोके एका वायरच्या तुकड्याने जोडावीत. आकडा दुसऱ्या टोकाला, अतिउष्णाकडे गेला पाहिजे. दोन्ही गोष्टी घडल्या तर वायरिंग आणि संगणक ठीक असून दोष सेन्सरचा, असा निष्कर्ष निघतो. आकडा हललाच नाही तर सेन्सर बदलून उपयोग नाही, वायर शोधावी. ही युक्ती दोन वायरींच्या तापमान-सेन्सरपुरतीच आहे. तीन वायरींच्या दाब-सेन्सरवर ती करू गेल्यास नवा बिघाड पदरात पडण्याची शक्यता अधिक.

बर्फ कॉइलवर, संशय गॅसवर

डॅशबोर्डच्या आत, कूलिंग कॉइलच्या पात्यांमध्ये खोवलेला दुसरा थर्मिस्टर असतो. कॉइलचे तापमान शून्याजवळ, साधारण एक ते तीन अंशांवर आले की कॉम्प्रेसर थांबवायचा किंवा त्याचा जोर कमी करायचा, हे त्याच्या माहितीवर ठरते. असे केले नाही तर हवेतली वाफ कॉइलवर गोठते.

हा सेन्सर प्रत्यक्षापेक्षा गरम तापमान सांगू लागला किंवा आपल्या जागेवरून सरकला, तर एक चमत्कारिक लक्षण दिसते. गाडी निघताना एसी उत्तम असतो. तासाभराने हवेचा झोत मंदावतो, पंख्याचा आवाज तेवढाच, हवा मात्र येईनाशी होते. चहाला गाडी थांबवली, वीस मिनिटांनी निघालो, की पुन्हा सर्व सुरळीत आणि गाडीखाली पाण्याचे मोठे थारोळे. कॉइलवर साचलेला बर्फ तेवढ्या वेळात वितळलेला असतो. कोकणात वा मुंबईत, दमट हवेत, हा प्रकार अधिक लवकर होतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला वेळ लागतो. गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत बर्फ वितळलेला असल्याने मेकॅनिकला काहीच दोष सापडत नाही आणि अखेर ‘गॅस थोडा कमी होता’ या वाक्यावर प्रकरण मिटते. गॅस थोडा कमी असला तरी कॉइलचा काही भाग गोठू शकतो, त्यामुळे हे निदान सर्वस्वी खोटे असते असेही नाही. यातच खरी गोम आहे.

उलट बाजूने, सेन्सर प्रत्यक्षापेक्षा थंड सांगू लागला तर कॉम्प्रेसर लवकर तुटतो आणि गाडी कधीच पुरेशी थंड होत नाही. लक्षण हुबेहूब गॅस कमी असल्यासारखे. येथे संशयाचा निवाडा साध्या थर्मामीटरने होऊ शकतो. झरोक्यातून येणारी हवा १६ अंशांची आणि स्कॅनरवर कॉइलचे तापमान २ अंश, असा मेळ बसत नसेल तर दोन्हींपैकी एक खोटे बोलत आहे. अर्थात गरम आणि थंड हवा मिसळणारी झडप अडकली असल्यासही हेच घडते. म्हणून ती आधी पाहावी लागते.

दाबाचा साक्षीदार

निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित असतो तो गॅसचा दाब मोजणारा सेन्सर. पूर्वी त्याच्या जागी साधा दाब-स्विच असे. दाब फार कमी वा फार जास्त झाला की तो कॉम्प्रेसरचा वीजपुरवठा तोडायचा, एवढेच त्याचे काम. आज बहुतेक गाड्यांत तेथे तीन वायरींचा सेन्सर असतो. एका वायरीतून त्याला ५ व्होल्टचा पुरवठा होतो, दुसरी अर्थिंगची आणि तिसरीतून तो दाबाप्रमाणे साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यानचा संदेश पाठवतो. या एका आकड्यावर संगणक तीन निर्णय घेतो. कॉम्प्रेसर चालू ठेवायचा का, रेडिएटरचा पंखा कोणत्या वेगाने फिरवायचा, आणि एसीचा भार पेलण्यासाठी इंजिनाची गती किती वाढवायची.

साहजिकच हा सेन्सर बिघडला की लक्षणे भलतीकडेच दिसतात. तो दाब प्रत्यक्षाहून कमी सांगत असेल, तर सिग्नलवर थांबलेल्या गाडीचा पंखा वेळेवर जोर धरत नाही, दाब चढत जातो आणि हवा गरम होते. महामार्गाला लागले की समोरून वारा मिळतो आणि एसी पुन्हा चालतो. ‘गावात चालत नाही, हायवेला चालतो’ ही तक्रार गॅरेजवाल्यांच्या चांगल्याच परिचयाची आहे. तिचे कारण पंखा, त्याची रिले, धुळीने बुजलेला कंडेन्सर किंवा हा सेन्सर यांपैकी काहीही असू शकते. यातले गॅस भरण्याने बरे होणारे एकही नाही. उलट गॅस जास्त भरला गेला तर दाब आणखी चढतो आणि दुखणे बळावते.

हा सेन्सर खरे बोलतो की खोटे, हे पाहण्याची एक जुनी आणि निर्विवाद कसोटी आहे. ती निसर्गनियमावर उभी आहे. गाडी रात्रभर सावलीत उभी राहिली की नळ्यांमधला दाब सर्वत्र सारखा होतो आणि तो केवळ तापमानावर ठरतो. गेली अनेक वर्षे बहुसंख्य गाड्यांत असलेल्या आर-१३४ए या गॅसचा दाब ३० अंशांना गेजवर सुमारे ६.७ बार, म्हणजे ९७ पीएसआयच्या आसपास असतो आणि ४० अंशांना सुमारे ९.२ बार, म्हणजे १३३ पीएसआय. सकाळी इंजिन चालू न करता केवळ किल्ली फिरवायची, स्कॅनरवरचा दाब वाचायचा, गेजवरचा दाब वाचायचा आणि तक्त्याशी ताडून पाहायचा. काही स्कॅनर वातावरणाचा दाब धरून आकडा दाखवतात, तेव्हा एका बारचा फरक पडतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. गेज आणि तक्ता जुळतात, स्कॅनर मात्र ३ बार सांगतो, असे दिसले तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरिंगचा आहे. मग ५ व्होल्टचा पुरवठा पोहोचतो का आणि अर्थिंग शाबूत आहे का, हे मल्टिमीटरने पाहायचे. सेन्सर बदलायचा तो त्यानंतर. अनेक गाड्यांत हा ५ व्होल्टचा पुरवठा इंजिनाच्या इतर सेन्सरशी सामायिक असतो. अशा वेळी एका सेन्सरमधला शॉर्ट दुसऱ्याच्या नावाने तक्रार नोंदवतो.

या कसोटीची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण तिचा गैरवापर सर्रास होतो. उभ्या गाडीतला दाब गॅस किती आहे हे सांगत नाही. टाकीत गॅसचे थोडेसे द्रवरूप शिल्लक असेल तोवर दाब पूर्ण टाकीइतकाच दिसतो, घरच्या सिलिंडरचे जे होते तेच. ‘प्रेशर बरोबर आहे, म्हणजे गॅस फुल आहे’ हे विधान म्हणूनच चुकीचे ठरते. गॅस किती आहे हे खात्रीने कळण्याचा मार्ग एकच. तो यंत्राने पूर्ण काढून वजन करायचे आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमशी ताडायचे. लहान मोटारीत हा आकडा साधारण अर्ध्या किलोच्या आगेमागे असतो. त्यात पन्नास-शंभर ग्रॅमचा फरकही जाणवतो. आपल्याकडे किती गॅरेजांत गॅस वजनावर भरला जातो, याचे उत्तर रांगेत उभ्या राहिलेल्या कोणाही ग्राहकाने स्वतःच द्यावे.

स्वयंचलित एसीच्या गाड्यांत आणखी दोन सेन्सर असतात. एक आतले तापमान मोजणारा, जो डॅशबोर्डवरील बारीक जाळीमागे असतो आणि धुळीने बुजला की सुस्तावतो. दुसरा उन्हाची तीव्रता मोजणारा, काचेलगत डॅशबोर्डवर बसवलेला लहानसा काळा घुमट. नेमक्या त्याच जागेवर गणपतीची मूर्ती, टिश्यूचा डबा किंवा डॅशबोर्डवर अंथरलेला टॉवेल आला तर सेन्सरच्या लेखी सदैव संध्याकाळ असते आणि भर उन्हात एसी जोर धरत नाही. गंमत म्हणजे गॅरेजच्या अंधाऱ्या शेडमध्ये तपासणी केली, तर काही गाड्यांत हा सेन्सर निर्दोष असतानाही दोषाचा कोड दाखवतो. काही दुरुस्ती-पुस्तिकांत तशी स्पष्ट सूचना असते. पुस्तिका हाताशी नसलेला मेकॅनिक मात्र कोड पाहतो आणि सेन्सर मागवतो.

कोड म्हणजे निकाल नव्हे

येथे आपण मुख्य मुद्द्याकडे येतो. स्कॅनर लावला की बिघाड समजला, असा एक समज गेल्या काही वर्षांत ग्राहकांत आणि मेकॅनिकांतही रुजला आहे. वस्तुतः कोड हा फक्त एक संशय असतो. एसीच्या दाब-सेन्सरशी संबंधित पी ०५३० ते पी ०५३३ या कोडांचा अर्थ ‘या सेन्सरच्या वायरीवरचा संदेश अपेक्षित मर्यादेत नाही’ एवढाच आहे. दोष सेन्सरचा, उंदराने कुरतडलेल्या वायरीचा, गंजलेल्या जोडणीचा की खरोखरच रिकाम्या झालेल्या गॅसचा, हे कोड सांगत नाही. पावसाळ्यात उबेसाठी इंजिनाशेजारी मुक्कामाला येणारे उंदीर या खटल्यातले सराईत आरोपी होत. त्यांनी वायर अर्धवट कुरतडली की बिघाड सुटासुटा येतो. खड्ड्यात गाडी आदळली की एसी बंद, पुढच्या खड्ड्यात चालू. अशा वेळी स्कॅनरवरचा आकडा पाहत वायरिंग हाताने हलवणे, ही साधी पद्धत कोणत्याही महागड्या यंत्राहून अधिक कामी येते.

कोड वाचून सुटा भाग बदलण्याची सवय केवळ रस्त्याकडेच्या गॅरेजपुरती मर्यादित नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तिचे रूप निराळे असते इतकेच. तेथे वायर सांधण्याऐवजी संपूर्ण वायरिंग आणि सेन्सरऐवजी संपूर्ण कॉइलचा संच बदलण्याकडे कल दिसतो. एकीकडे माहितीअभावी अंदाज, दुसरीकडे माहिती असूनही जुळणीचा आग्रह, या दोहोंच्या मध्ये ग्राहक सापडतो. काहीशे रुपयांचा थर्मिस्टर आणि तो बदलण्यासाठी डॅशबोर्ड खोलण्याची मजुरी यांचे प्रमाण पाहता निदान चुकणे परवडण्यासारखे नसते, कारण खोललेला डॅशबोर्ड पुन्हा पूर्वीसारखा बसेलच याची हमी कोणी देत नाही.

कायद्याची खिडकी कोणासाठी?

स्टिअरिंगखाली असलेला सोळा पिनांचा सॉकेट, ज्याला ओबीडी म्हणतात, तो अमेरिकेत १९९६च्या मोटारींपासून एका सामायिक स्वरूपात सक्तीचा झाला. भारतात भारत स्टेज-४च्या निकषांबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने ही व्यवस्था आली आणि एप्रिल २०२०च्या भारत स्टेज-६ने ती अधिक कडक केली. परंतु या सक्तीचा हेतू प्रदूषण-नियंत्रणाचा आहे. इंजिन आणि धूर यांच्याशी निगडित माहिती कोणत्याही स्कॅनरला सारख्या भाषेत मिळावी, एवढेच बंधन कंपन्यांवर आहे. एसीचा संगणक, कॉइलचा थर्मिस्टर, उन्हाचा सेन्सर, झडपांच्या मोटारी हा सारा प्रांत बहुतांशी कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. दाब-सेन्सर इंजिनाच्या संगणकाला जोडलेला असल्यास त्याचा कोड स्वस्त स्कॅनरवर कदाचित दिसेलही. बाकीच्यांसाठी कंपनीचा स्कॅनर किंवा बहुकंपनी महागडे यंत्र लागते आणि त्याचे वार्षिक शुल्क चौकातल्या गॅरेजच्या आवाक्याबाहेर जाते.

हा वाद भारतात नवा नाही. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना नाकारली जातात, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात उपलब्ध करावीत, असेही आदेशात होते. पुढे २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने आपल्यासमोर आलेल्या कंपन्यांच्या बाबतीत स्पर्धाभंगाचा निष्कर्ष कायम ठेवून दंड घटवला. इतर कंपन्यांनी न्यायालयांचे दरवाजे ठोठावले आणि आदेशातली जी बाब सामान्य गॅरेजच्या उपयोगाची होती ती कागदपत्रांच्या ढिगाऱ्याखाली गेली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारीही होत्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयाचे पोर्टल सुरू झाले. पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचे पत्ते आणि हमीच्या अटी मिळतात, पण एसीच्या वायरिंगचा नकाशा मिळणे ही वेगळी गोष्ट आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनीच हा हक्क मंजूर केला. युरोपीय संघाने २००७च्या नियमावलीतच स्वतंत्र दुरुस्तीकारांना माहिती देणे बंधनकारक केले. तेथेही कंपन्यांची कुरबुर संपलेली नाही, हे खरे. परंतु पैसे भरून का होईना, तासाच्या वा दिवसाच्या हिशेबाने दुरुस्ती-पुस्तिका पाहण्याची सोय तेथील लहान गॅरेजला मिळते. सुरक्षिततेचे कारण पुढे करून ही माहिती रोखण्याचा युक्तिवाद चोरीविरोधी यंत्रणेबाबत समजण्यासारखा आहे. कॉइलच्या थर्मिस्टरचा २५ अंशांवरील रोध किती ओहम असावा, या आकड्यात मात्र कोणते व्यावसायिक गुपित दडले आहे, हे कळणे कठीण आहे.

हवेत सोडलेला अर्धा किलो

चुकीच्या निदानाची किंमत केवळ मालकाच्या खिशातून जात नाही. आर-१३४ए ओझोनच्या थराला धोका पोहोचवत नसला, तरी वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी आहे. अर्धा किलो गॅस हवेत सोडला, तर ते सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे झाले. एवढा धूर निघायला जवळजवळ ३०० लिटर पेट्रोल जाळावे लागेल. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा तो साडेचार हजार किलोमीटरचा प्रवास होतो. सेन्सरचा दोष असताना गॅस ‘एकदा बदलून पाहू’ म्हणणे याचा हिशेब असा आहे.

भारताने किगाली करार २०२१ मध्ये स्वीकारला. त्यानुसार या वर्गातील वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा असून २०३२ पासून त्यात कपात सुरू करून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांपर्यंत न्यायची आहे. युरोपात २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत आर-१३४ए बंद झाला असून तेथे प्रामुख्याने आर-१२३४वायएफ वापरला जातो. तो कितीतरी महाग आहे आणि सौम्यपणे का होईना, ज्वलनशील आहे. तो येथे सर्रास आला की अंदाजाने गॅस भरण्याची चैन कोणालाच परवडणार नाही. म्हणजे आज ज्या निदानाकडे दुर्लक्ष होते आहे, ते आणखी काही वर्षांत नाइलाजाने शिकावे लागणार आहे.

ट्रकच्या केबिनपासून विजेच्या बॅटरीपर्यंत

एसीचा प्रश्न हा सुखवस्तूंच्या घामाचा प्रश्न आहे, अशी टीका या विषयावर होऊ शकते. ती आता लागू पडत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. दिवसाचे दहा-बारा तास इंजिनाच्या धगीशेजारी काढणाऱ्या चालकांसाठी हा निर्णय फार उशिरा आलेला, तरीही स्वागतार्ह म्हणावा लागेल. पण त्या ट्रकचा सेन्सर धुळ्याजवळ किंवा सोलापूरच्या पुढे बिघडला, तर तो दुरुस्त कोण करणार? वाटेतल्या गॅरेजकडे गेज आहे, गॅसची टाकी आहे, त्या ट्रकचा संगणक वाचणारे यंत्र नाही. मालकाला गाडी उभी ठेवणे परवडत नाही. एसी बंद पडला तरी गाडी चालत राहते, हे चालकाचे दुर्दैव. सक्ती एसी बसवण्याची आहे, तो चालू ठेवण्याची नाही.

विजेच्या मोटारींत तर एसी हा केवळ प्रवाशांचा राहिलेला नाही. द्रवाने थंड होणाऱ्या बॅटरीच्या अनेक गाड्यांत तोच गॅस आणि तोच कॉम्प्रेसर बॅटरीही थंड ठेवतो. तेथे दाब-सेन्सरने चुकीची माहिती दिली, तर जलद चार्जिंगचा वेग घटू शकतो किंवा उन्हाळ्यात गाडीची ताकद कमी केली जाऊ शकते. तक्रार ‘चार्जिंग हळू होते’ अशी असेल आणि दोष एसीच्या नळीवर. शिवाय अशा गाड्यांचा कॉम्प्रेसर काहीशे व्होल्टवर चालतो. त्यात भलते तेल गेले तर विजेची गळती सुरू होऊ शकते, म्हणून गॅस भरण्याचे साधे कामही तेथे साधे उरत नाही. धूर सोडत नाही म्हणून प्रदूषणाच्या नियमांतून जन्मलेले ओबीडीचे बंधनही या गाडीला लागू पडत नाही. जेथे निदानाची सर्वाधिक गरज आहे, नेमकी तेथेच ती एकुलती एक खिडकीही बंद आहे.

तोवर ग्राहकाच्या हाती काही प्रश्न आहेत. गॅस भरण्याआधी तो किती ग्रॅम निघाला, गळती कोठे सापडली, सेन्सर बदलायचा म्हणता तर त्याचा आकडा कोणत्या आकड्याशी ताडून पाहिला, जुना भाग परत मिळेल का, हे ते प्रश्न. चौकातला चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही. त्याची अडचण निराळीच असते. आकडा त्याने मोजलेला असतो, तो कशाशी ताडायचा तो तक्ता त्याला कोणी दिलेला नसतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक हा एक अभ्यासक्रम आहे आणि रेफ्रिजरेशन-एसी हा दुसरा. गाडीचा एसी या दोहोंच्या मध्ये येतो. त्यामुळे एकाला गॅसचे शास्त्र ठाऊक असते, दुसऱ्याला गाडीचे वायरिंग, आणि ग्राहकाच्या गाडीत बिघाड मात्र दोघांच्या सीमेवर झालेला असतो.